खडूचे गोल

"उजवा डोळा तळहाताने झाका आणि सगळ्यात खालची ओळ वाचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घारूने डोळा झाकला आणि खालची ओळ वाचली. तिथेच न थांबता तिने तक्त्याच्या पार तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं छापखान्याचं नावही वाचून टाकलं. डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्या, तक्त्यापाशी गेल्या आणि वाकून बघू लागल्या. तिथे काही छापलेलं आहे, हे त्यांना इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दादाला मात्र याचा आनंद झाला नाही.

"नीट तपासा, डॉक्टर," तो म्हणाला. "जिथे काही नाही तिथे हिला डाग दिसतात."

तक्रार त्याचीच होती, घारूची नव्हती. वडिलांनी सुरू केलेला चामड्याच्या बॅगांचा कारखाना आता ही दोघं भावंडं चालवत होती. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, एक मोठं टेबल, शिलाईचं एक यंत्र आणि ते चालवणाऱ्या मावशी. नवं कातडं आलं की ते टेबलावर पसरायचं. मग घारू त्याच्यावर ओणवी होऊन तळहात फिरवायची आणि जिथे गोचिडाचा चावा, तारेचा ओरखडा किंवा जुन्या जखमेचा वण असेल, तिथे खडूने गोल काढायची. दादा ते गोल चुकवून पुठ्ठ्याचे साचे मांडायचा आणि रापीने कातडं कापायचा. गोलातला भाग बॅगेत जायचा नाही, तुकड्यांच्या पोत्यात जायचा. सोळाव्या वर्षापासून, म्हणजे गेली पंचवीस वर्षं, हा खडू घारूच्या हातात होता. तिची नजर घारीची म्हणून वडिलांनीच तिला हे नाव ठेवलं होतं, आणि तिचं कागदोपत्री असलेलं नाव आता घरात कुणी उच्चारतही नव्हतं.

गेल्या वर्षभरात हे गोल वाढत चालले होते. गोलाच्या आत दादाला काही दिसायचं नाही. बोट फिरवून बघितलं तरी लागायचं नाही. तो स्वभावाने भित्रा. कुणाच्या दुखण्याचं नाव काढलं की ते वाढतं अशी त्याची पक्की समजूत, म्हणून तो कित्येक महिने गप्प राहिला. घारूचं पोट आधीच दोन वर्षं बिघडलेलं. मांस नाही, अंडं नाही, दूध नाही, चीज नाही. डॉक्टरने सगळं बंद केलंय असं तिने सांगितलेलं. त्यात आता डोळे. शेवटी परवा एका कातड्यावर त्याने सतरा गोल मोजले आणि तिला न विचारताच इथली वेळ घेऊन टाकली.

डॉक्टरीणबाईंनी बारीक दिवा डोळ्यांवर धरून दोन्ही बुबुळं पाहिली, वर बघा, खाली बघा, कडेला बघा झालं आणि मग त्यांनी दिवा विझवला.

"यांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही," त्या दादाला म्हणाल्या. "काय दिसतं ते तुम्ही त्यांनाच का विचारत नाही?"

रस्त्यावर आल्यावर दादाने विचारलं. बसथांब्याच्या बाकावर दोघं बसली होती, बस यायला वेळ होता. त्याने आधी हवेबद्दल काहीतरी बोलून घेतलं, मग समोरच्या दुकानाच्या पाटीकडे बघत म्हणाला, "मग काय असतं त्या गोलांत?"

घारूने हातातली पिशवी मांडीवर घेतली आणि तिचे बंद पुन्हा पुन्हा सारखे केले. उत्तर तिच्याकडे दोन वर्षं तयार होतं. ते तिने पोटाच्या दुखण्याआड लपवून ठेवलं होतं, कारण पोटाशी कुणी वाद घालत नाही. मला पटत नाही असं म्हटलं की आधी ताटावरून बोलणं निघतं, मग ते पायातल्या बुटांवर येतं आणि बुटांवरून थेट बाबांच्या हातांवर. शहाऐंशी वर्षांच्या त्या हातांनी हे घर उभं केलं होतं. ते चूक होतं, असं त्यांच्या तोंडावर सांगायचं आणि त्यांच्याच शेजारी बसून जेवायचं, हे तिच्याने होणार नव्हतं. बाबांची मान खाली गेली तर आपण त्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवू शकणार नाही, असं तिला मनापासून वाटत होतं. म्हणून पोट. पण आता पोटाच्या जोडीला डोळे आले होते, आणि डोळे तर निर्दोष सुटले होते.

"माझ्या पोटालाही काही झालेलं नाही, दादा," ती म्हणाली.

मग तिने त्याला एका कातड्याबद्दल सांगितलं. दोन वर्षांपूर्वी आलेल्या गठ्ठ्यातलं, फिकट तांबूस. त्याच्या कुशीवर वीतभर वण होता आणि वणाच्या दोन्ही बाजूंना टाक्यांच्या खुणा. कुणीतरी त्या जनावराची जखम शिवली होती. इतक्या निगुतीने, की दोन टाक्यांतलं अंतर कुठेही कमीजास्त नव्हतं. म्हणजे एक माणूस त्याच्यापाशी गुडघ्यांवर बसला असणार, त्याला चुचकारत असणार, बरं व्हावं म्हणून रोज बघायला येत असणार. आणि बरं झाल्यावर ते इथे आलं होतं. घारूने नेहमीप्रमाणे वणाभोवती गोल काढला, दादाने नेहमीप्रमाणे तो चुकवला. त्या दुपारी तिला डबा खाववला नाही, आणि पुढे कधीच तो तसा खाववला नाही.

दादा आधी हसला. "शाकाहारी झालीस असं सांग ना मग. त्यात काय लपवायचं? बरेच लोक असतात."

"त्याच्याही पुढे आहे हे. दूध नाही, मध नाही, लोकर नाही. जनावराकडून काही घ्यायचंच नाही."

"काहीच?"

"काहीच."

दादाच्या चेहऱ्यावरून हसू हळूहळू उतरलं. त्याने आपल्या बुटांकडे पाहिलं, कमरेच्या पट्ट्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. रापीने त्याच्या उजव्या तर्जनीला पडलेला घट्टा अंगठ्याने चोळत तो बराच वेळ बसला. मग आपण कोण, असं त्याने विचारलं, आणि आवाज चढू नये म्हणून ते अगदी हळू विचारलं. घारू म्हणाली की ती स्वतःही त्यातलीच आहे, उलट सगळ्यांच्या आधी तिचाच हात कातड्याला लागतो, आणि म्हणूनच तिच्याने बोलवलं नाही. पण मग गोल सुरू झाले. वर्षभरापूर्वी एकदा तिने मानेवरच्या घड्यांभोवती गोल काढला. घडी म्हणजे काही दोष नव्हे. तरी काढला. मग गुडघ्यांपाशी, मग पोटाकडच्या सैल भागाशी. जिथे ते जनावर रोज वाकलं, वळलं, बसलं असेल, तेवढं तरी कुणाच्या बॅगेचा कप्पा होऊ नये, असं तिला वाटायचं. याला फारसा अर्थ नाही, हे तिला कळत होतं. पण त्या गोलांनी तिला दिवस काढता येत होते.

बस आली आणि निघून गेली. दोघंही उठली नाहीत.

"बाबांना यातलं काही सांगायचं नाही," दादा शेवटी म्हणाला. "चष्मा लागला म्हणून सांगू."

"पण नंबरच नाही."

"साधी काच बसवून घेऊ. आणि उद्यापासून गोल पूर्वीसारखे काढ. चष्म्याने फरक पडला म्हणतील."

दादाला आपली ही युक्ती फारच पसंत पडली. बोलता बोलता तो उठलासुद्धा. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात त्याने स्वतः निवडून तपकिरी चौकट घेतली. नंबर किती, असं दुकानदाराने विचारल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नंबर नसलेला चष्मा तरुण पोरी शोभेला घेतात, असं म्हणत दुकानदाराने एकेचाळीस वर्षांच्या घारूकडे जरा जास्तच आदराने पाहिलं. तिने तो नाकावर चढवला. आरशात एक शहाणी, आजारी, सगळ्यांना चालेल अशी बाई दिसत होती.

कारखान्यात पोचेपर्यंत दुपार कलली होती. मावशी यंत्रावर होत्या. टेबलावर सकाळीच पसरून ठेवलेलं नवं कातडं तसंच होतं. त्याच्यावर घारूने जाण्याआधी काढलेले अकरा गोल. बाबा खिडकीशी आपल्या स्टुलावर होते. मोठं काम त्यांनी केव्हाच सोडलं होतं. आता ते तुकड्यांच्या पोत्यातून एकेक तुकडा काढून त्याच्या किल्ल्यांना अडकवायच्या पट्ट्या कापत, आणि कुणी नवं गिऱ्हाईक आलं की त्याला एक पट्टी तशीच हातावर ठेवत.

"काय म्हणाले?" बाबांनी विचारलं.

"किरकोळ नंबर आहे," दादा म्हणाला. "वयोमानाने होतंच."

बाबांनी मान डोलावली. मग त्यांनी घारूला जवळ बोलावलं आणि मांडीवरचा एक तुकडा तिच्यापुढे धरला. तिनेच काढलेल्या गोलाची पांढरी कड त्याच्यावर अजून होती.

"आता चष्म्यातून बघ. काय आहे यावर?"

घारूने तुकडा घेतला. बघायची गरज नव्हती, अंगठ्यालाच कळलं होतं. "मानेची घडी."

"दोष आहे?"

दादा खोकला. मावशींच्या यंत्राचा आवाज मंदावत गेला आणि थांबला. घारू त्या चौकटीतून बाबांकडे बघत राहिली. हो म्हटलं की झालं. एका 'हो'ने सगळं जागच्या जागी राहणार होतं. तिने चष्मा काढला, त्याच्या काड्या मिटल्या आणि तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"दोष नाही," ती म्हणाली. "माझे डोळे चांगले आहेत, बाबा. पोटही चांगलं आहे. दोन वर्षं मी तुमच्याशी खोटं बोलतेय. जनावर मारून खाणं मला पटत नाही. त्याच्या पिल्लाचं दूध आपण काढून घेणंही पटत नाही. हे कातडंही नाही. मला ते चूक वाटतं. कुणी माझ्या डोक्यात भरवलेलं नाही हे. पंचवीस वर्षं रोज इतक्या जवळून बघितलं, त्यातून आलं."

ती थांबली. आवाज कापेल असं तिला वाटलं होतं, तो कापला नाही.

पहिल्या बोलल्या त्या मावशी.

"म्हणजे मी दोन वर्षं करून आणत होते ते पोटाचे काढे? ओतून द्यायचीस?"

"नाही हो मावशी. सगळे प्यायचे."

"ते कडू जहर? बऱ्या पोटावर?" मावशींना रागवावं की काय करावं ते कळेना. त्यांनी उगाच दोऱ्याचं रीळ काढून परत बसवलं.

बाबा रागावले नव्हते, मान खालीही गेली नव्हती. एखाद्या कारागिराला माप सांगताना बघतात तसं ते घारूकडे बघत होते. त्यांनी पायाशी असलेल्या पोत्याला हाताने थोपटलं.

"डोळ्यांचं नाही हे मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "वर्षभर तुझे गोल माझ्याच मांडीवर येतात. बहुतेक तुकड्यांवर डागच नाही. मला वाटलं, हात थकला असेल पोरीचा. कातडं वाचायचं सोडून नुसता खडू फिरवतेय. तेवढ्याने मला वाईट वाटायचं."

"बाबा, मी..."

"थांब. त्याच्या आदल्या वर्षी आपल्याकडे पंचेचाळीस कातडी आली होती. गेल्या वर्षी बावन्न. बॅगा तेवढ्याच झाल्या, एक कमी नाही की एक जास्त नाही. पोतं मात्र भरत राहिलं."

घारूला आधी कळलं नाही. मग कळलं. ती जवळच्या खोक्यावर बसली.

"तुला पटत नाही तर नाही," बाबा म्हणाले. "मला पटतं. त्यावर आपण भांडू, मी अजून मेलेलो नाही. तुझ्या आईशी चाळीस वर्षं भांडलो, एकही जेवण चुकवलं नाही. पण तोंडाने भांडायचं ते खडूने भांडलीस तू. वर्षापूर्वी बोलली असतीस, तर ती सात आपल्या दारात आली नसती."

त्यांनी हे दुखवायला म्हटलं नव्हतं. पाऊण इंच कमी पडतंय असं सांगावं, तितक्या सरळ सांगितलं होतं. घारूला लाज वाटली, आणि ती खोटं बोलल्याची लाज नव्हती. सात जनावरं. आपल्या मनाला बरं वाटावं म्हणून तिने काढलेल्या गोलांनी सात जनावरं जास्त घेतली होती. बसथांब्यावर दादाला सांगताना ती स्वतःला थोडी भली समजत होती, ते आठवून तिचे कान तापले. ती रडली नाही. रडायला तोंड उरलं नव्हतं.

मावशींनी तिला पाणी आणून दिलं. ते पिऊन झाल्यावर ती उठली, नळावर फडकं ओलं केलं आणि टेबलापाशी आली. एकेक करून तिने गोल पुसायला सुरुवात केली. अकरापैकी नऊ पुसले. उरलेले दोन, गोचिडाचा एक आणि तारेचा एक, तेही तिने पुसले आणि पुन्हा काढले. या वेळी इतके लहान, की खडूची रेघ आणि डाग यांच्यामध्ये नखही मावलं नसतं.

फळीवर आणखी अठरा कातडी रचलेली होती. तिने तिथे नजर टाकली.

"आणलेली आहेत तेवढी मी बघून देते," ती दादाला म्हणाली. "एक बोटभरही वाया जाऊ देणार नाही. त्याच्यापुढे नाही. पण प्रत्येक कातड्यापाशी तू माझ्याशेजारी उभा राहायचंस आणि शिकायचंस. नाहीतर मी गेल्यावर तू माझ्याहून जास्त वाया घालवशील."

"आणि तू कुठे जाणार?"

"ते अजून माहीत नाही."

यावर दादाला पुष्कळ बोलायचं होतं. खाल्ल्या घरचे वासे मोजायचे नसतात, इथपासून तू नसलीस तर गिऱ्हाईक विचारेल त्याला मी काय सांगू, इथपर्यंत. मी आज बाबांना जे सांगितलं तेच सांग, असं घारू म्हणाली. त्याने खिडकीकडे मदतीसाठी पाहिलं. बाबांनी नवा तुकडा काढला होता आणि ते त्याच्यात गढून गेले होते. मग दादा बाह्या सारून तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. कितीही झालं तरी तो तिचा भाऊ होता, आणि शिवाय कामाचा दिवस फुकट चालला होता.

"हात ठेव," घारू म्हणाली. "डोळ्यांनी नको बघूस. बोटंही नकोत, पूर्ण तळहात. आता पुढे सरकव, मानेकडे. काही लागतंय?"

"नाही." तो दोनदा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा थांबला. "हे बारीक बारीक?"

"घड्या. नीट बघ, एकाच बाजूला आहेत. दुसऱ्या बाजूला सपाट आहे. म्हणजे हे नेहमी डावीकडे मान वळवायचं. त्याचं खाणं त्या बाजूला असणार. नाहीतर त्याचं वासरू."

दादाचा हात तिथेच राहिला.

"दोष नाही ना?" त्याने विचारलं.

"नाही. खांद्याचा पट्टा इथूनच निघेल. घड्यांची जागा मजबूत असते."

त्याने पट्ट्याचा साचा आणून त्या जागेवर मांडला, कडा जुळवून घेतल्या आणि रापी उचलली. आजवर हजारो वेळा उचलली होती. साचा ठेवला की रापी आपोआप चालायची, तोंडाने गप्पाही चालायच्या. आज तो रापी धरून उभाच राहिला.

"डावीकडे?" त्याने विचारलं.

"हो."

त्याने रापी खाली ठेवली, तळहात पँटला पुसले, परत उचलली, आणि परत थांबला. मावशी यंत्राच्या चाकावर हात ठेवून बघत होत्या. घारूने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते तिने दोन वर्षं आपल्या चेहऱ्यावर येऊ दिलं नव्हतं, आणि आज ते त्याच्यावर बघताना तिला आनंद व्हायला हवा होता.

"काप रे," खिडकीतून बाबा म्हणाले. त्यांनी वर पाहिलंही नव्हतं. "बिघडवलंस तर आठवं आणावं लागेल."

दादाने रापीचं टोक साच्याच्या कडेला टेकवलं. मानेपाशी कातडं जाड असतं आणि हलक्या हाताने कापलं तर सरकतं. ते सरकू नये म्हणून घारूने पुढे होऊन दोन्ही हातांनी ते ताणून धरलं.